वाढणारा हात

घर गप्प होतं आणि त्या गप्पपणात स्टीलचं एक झाकण फरशीवर पडलं. आधी खण्णकन, मग गरगर, मग आवाज बारीक बारीक होत थांबलं.

जुई उठली होती. चार वर्षांची मुलगी उठल्या उठल्या आईला हाक मारत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घरी यावं. ती उठते आणि आधी भातुकली काढते.

मी ओट्याशी उभी राहून तिची कालची अर्धी पोळी चहात बुडवून खात होते. रविवारी मला उशिरा जायचं असतं. पाळणाघर बंद, नवरा ओंकार पवनचक्क्यांच्या कामावर दूर डोंगरात, म्हणून रविवारी जुई माझ्याबरोबर केंद्रात येते. वेणी घालायची होती, डबा भरायचा होता. तेवढ्यात फोन थरथरला.

‘हौसाबाई चौगुले. इच्छांक अपुरा. उद्यापासून आधार विभाग.’

मी हातातली पोळी ओट्यावर आपटली. पोळीचा बिचारीचा काय दोष.

"आई, काय झालं?" खालून आवाज आला.

"काही नाही, पिल्लू."

"मग पोळीला का मारलंस?"

*

आमचं पुनर्वसन केंद्र कृष्णेच्या काठावर आहे. मी तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मला सगळे फिजिओवाल्या मॅडम म्हणतात आणि मी आता दुरुस्त करणंही सोडून दिलंय. पण फरक आहे. फिजिओथेरपिस्ट हात हलवायला शिकवतात. मी त्या हलत्या हाताला त्याचं काम परत मिळवून देते. बटण लावणं, कुलूप उघडणं, चहा गाळणं. माणूस अशा कामांचाच बनलेला असतो. ती गेली की तो नुसता खाटेवर उरतो.

माझं हे काम संकल्प-पट्टीनं बदलून टाकलं, आणि सुरुवातीला मी तिच्या प्रेमात होते हे आधीच सांगते.

तुम्ही समोरचा ग्लास उचलता. हात हलण्याच्या क्षणभर आधी मेंदूत एक मंद लाट उठायला लागते. तुम्हाला स्वतःला ‘आता उचलावा’ असं वाटायच्याही किंचित आधी. ही तयारीची लाट. पक्षाघाताच्या झटक्यात बऱ्याचदा ही लाट जिवंत राहते, मेलेला असतो तो मेंदूपासून हातापर्यंतचा रस्ता. पेशंट मनातल्या मनात हात उचलतो, हात मात्र मांडीवर पडून राहतो. दोन-चार दिवस असं झालं की तो मनातल्या मनात उचलणंही सोडतो.

पट्टी म्हणजे केसांवरून बसणारा मऊ पट्टा, आतून मसुराच्या दाण्याएवढे संवेदक. लाट उठली की पट्टी ती पकडते आणि हातमोज्याला कळवते. हातमोजा स्नायूंना विजेचा बारीक इशारा देतो. बोटं मिटतात. मेंदूला वाटतं, मी म्हटलं आणि झालं! असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदू आजूबाजूच्या शाबूत पेशींमधून नवी पायवाट पाडतो. मग एके दिवशी हातमोजा काढला तरी हात उचलला जातो. एका गवंड्याला पहिल्यांदा थापी धरताना पाहिलं तेव्हा मी भांडारघरात जाऊन रडले होते.

अट एकच, लाट पेशंटची स्वतःची हवी. ती नसताना हातमोज्यानं हात हलवला तर तो कळसूत्री बाहुलीचा हात. मेंदू त्यातून काहीच शिकत नाही.

इथवर ठीक होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की लाट मोजता येते, म्हणजे इच्छा मोजता येते. आणि आपल्याकडे एखादी गोष्ट मोजता येते म्हटलं की तिच्यावरून माणसांना रांगेत उभं करायला कितीसा वेळ लागतो? इच्छांक आला. ज्याचा इच्छांक बरा त्याला खाट, थेरपिस्ट, हातमोजा. ज्याचा अपुरा त्याला आधार विभाग.

आधार विभाग काचेपलीकडे आहे. तिथे भिंती फिक्या हिरव्या आहेत, गाद्या उत्तम आहेत, आणि प्रत्येक खाटेला एक भरवणारा यांत्रिक हात आहे. चमचा तोंडाशी येतो आणि गोड आवाजात म्हणतो, "आ करा." तिथून कुणी परत थेरपीला आलेलं मी पाहिलेलं नाही.

*

"कल्याणी, आधी बस. पाणी घे," डॉक्टर देशिंगकर म्हणाले. विभागप्रमुख. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"पाणी नकोय, सर. हौसाक्कांना का हलवताय?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघ. चमचा, सपाट. कंगवा, सपाट. ग्लास उचलून तोंडाला लावणे, सपाटच म्हण. स्वावलंबन संचातलं एकही काम नाही जिथे लाट नीट उठली. बाईंना बरं व्हायचंच नाहीये."

"असं कोणी असतं का?"

"असतात गं. वय झालेलं, सगळं करून झालेलं. आणि बाहेर रांग आहे. एक रिक्षावाला आहे, त्याची लाट भिंतीला धडका देतेय. त्याला ती खाट द्यायची की नाही? तूच सांग."

त्यांचा मुद्दा बरोबर होता. त्यामुळे मी जास्तच पेटले.

"पट्टी खोटं बोलत नाही, कल्याणी."

"पट्टी बोलतच नाही, सर. बोलतो आपण. ‘व्हायचंच नाहीये’ हे तुम्ही आत्ता बोललात."

त्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी माझी फेरी आहे. तोवर काही दाखवलंस तर बघू."

*

हौसाक्का म्हणजे मूठभर बाई. उजव्या दंडापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण, आणि त्याच्या टोकाला तो हात, नुसता ठेवून दिलेला. बोलणं किंचित जड, पण शाबूत. सून रेश्मा रोज संध्याकाळी येते. त्यांच्याकडे सासूला आत्या म्हणतात. "आत्या, खावा की वाईच," म्हणत ती घास भरवते, आणि आक्का दोन घास घेऊन तोंड फिरवतात. डाव्या हातानं खात नाहीत. तो हात जेवायचा नाही. चमच्यानं त्या आयुष्यात कधी जेवल्या नव्हत्या.

मी त्यांना सराव-स्वयंपाकघरात नेलं. ही आमच्या विभागातली खोली. खरा ओटा, खरी भांडी, शेगडी तेवढी बिनजाळाची, विजेची. जुई कोपऱ्यात भातुकली मांडून बसली.

पट्टी लावली. हातमोजा चढवला. पडद्यावर आक्कांची रेघ सुरू झाली, दुपारच्या नदीसारखी सुस्त.

"आक्का, आज ग्लास उचलायचा. गार सरबत केलंय. खास तुमच्यासाठी."

"राहू दे की."

"असं कसं राहू दे? तुमच्यासाठी केलंय ना."

"कशापायी तरास घिटलास? राहू दे."

रेघ होती तिथेच. मी कंगवा दिला. "केस किती छान आहेत तुमचे. विंचरा बघू, तुमच्या तुम्ही."

"आता कुनाला दावायचं हाय? राहू दे."

रेघ आणखी खाली गेली. मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी ओरडते. "आक्का! सारखं काय राहू दे? उद्या तुम्हाला त्या काचेपलीकडे टाकतील. ते यंत्र ‘आ करा’ म्हणेल आणि तुम्ही आ कराल. तसंच राहायचंय का मरेपर्यंत?"

आक्कांनी काचेकडे पाहिलं. "त्यो हात कुनाचा हाय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाचाच नाही."

"कुनाचाच न्हाई?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. "मग त्येला कळतंय का, प्वाट भरलं का न्हाई ते?"

मी तिथल्याच स्टुलावर बसले. ऊन खिडकीतून सरकून ओट्यावर आलं होतं.

"बाई, तू जेवलीस का?" आक्कांनी विचारलं.

"नाही."

"आनि पोरगी?"

"तीही नाही. डबा तसाच आहे."

"आगं आयाय गं! एवढीशी पोर उपाशी ठिवलीस? आदी वाढ की तिला!"

पडदा टणकन वाजला.

मी मान वर केली. रेघ उठली होती. उठली म्हणजे काय, पडद्याची कड ओलांडून वर गेली होती. असली लाट मी त्या गवंड्याचीही पाहिली नव्हती. आणि पडद्याच्या कोपऱ्यात राखाडी बारीक अक्षरं आली: ‘कार्याबाहेरील लाट. दुर्लक्षित.’

हातमोजा हललाही नव्हता. त्याला सांगितलेलं काम होतं कंगवा. लाट कंगव्याची नव्हती, म्हणून यंत्रानं ती कचऱ्यात टाकली.

इच्छांकासाठी पट्टी वॉर्डातही लावून ठेवतात. मी मागच्या दिवसांच्या नोंदी उलगडत गेले. राखाडी, राखाडी, सगळीकडे राखाडी खुणा. रेश्मा दमून येऊन बसली तेव्हा एक. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ठसका लागला तेव्हा एक. वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशी "आज चहासुद्धा नाही मिळाला" म्हणाल्या तेव्हा केवढी तरी मोठी. या बाईच्या डोक्यात रोज समुद्र उसळत होता आणि आम्ही वर लिहीत होतो, ‘इच्छा अपुरी’.

स्वावलंबन संच! ज्यांनी तो बनवला त्यांना वाटलं, माणसाला पहिली इच्छा होते ती स्वतः पाणी प्यायची, स्वतःचे केस विंचरायची. बरोबरच आहे त्यांचं. त्यांना कुणीतरी वाढत असणार.

मी कामाच्या जागी ‘मुक्त’ निवडलं. डब्यातली आमटी पातेल्यात ओतली. हातमोज्याच्या बोटांत पळी अडकवली. जुईला ओढत आणून समोर बसवलं, पुढ्यात तिचीच भातुकलीतली ताटली.

"आक्का, तुम्हीच वाढा तिला."

"मी? ह्या हातानं?"

"आजी, मला भूक लागली," जुई म्हणाली. शिकवलं नव्हतं हो, तिला खरंच लागली होती.

लाट उठली. हातमोजा गुरगुरला. बोटं पळीभोवती आवळली, गोंदलेला हात मांडीवरून उचलला गेला. थरथरत, वेडावाकडा, पण उचलला गेला. पळी पातेल्यात बुडाली. वर आली. निम्मी आमटी ओट्यावर, थोडी जुईच्या फ्रॉकवर, आणि उरलेली ताटलीत.

"सांडलं गं," आक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि नजर मात्र जुईच्या तोंडाकडे होती. "बेस झालीया का? तिखट न्हाई न्हवं?"

*

सकाळी देशिंगकर आले. मी पोहे करून ठेवले होते, हातमोजा तयार होता, उलथनं बोटांत होतं. आक्का पदर नीट करून बसल्या होत्या.

"बघा सर," मी म्हणाले.

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. "या, डाक्टरसायेब. न्याहारी झाली का?"

"हो हो, झाली, आक्का," देशिंगकर घाईघाईनं म्हणाले. "माझी काळजी नको. तुम्ही घ्या."

उठू पाहणारी रेघ जागच्या जागी बसली. सपाट.

"मी सांगितलं होतं, कल्याणी—"

"सर, न्याहारी झालीय तुमची?"

"अं? नाही. अजून कुठे, फेरी संपल्यावर."

"मग ‘झाली’ असं का म्हणालात?"

"अगं, असं म्हणतातच ना! पेशंटला काय ‘भुकेला आहे, वाढा’ असं सांगायचं?"

"हो! तेच सांगायचं!" मी जवळजवळ किंचाळले. नर्स दारात थबकली. "सर, तुम्ही सभ्यपणा केलात आणि त्यांचा हात मेला. तुमच्या पोटातली गुरगुर मला इथवर ऐकू येतेय. भूक लागलीय म्हणा. त्यांच्याकडे बघून म्हणा."

विभागप्रमुखाला असं कुणी बोलत नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, नोकरी गेली. मग ते आक्कांसमोरच्या लाकडी खुर्चीवर बसले, गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मांडीवर ठेवला आणि एखाद्या शाळकरी पोरासारखे म्हणाले, "आक्का, खोटं बोललो. सकाळपासून पोटात काही नाही. वाढता का थोडे?"

"आता गं बया!" आक्का म्हणाल्या, आणि पडदा टणकन वाजला.

पोहे त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर सांडले. बशीतही पडले. "आनि घ्या की. एवढ्यानं काय हुतंय बाप्याला?" आक्का थांबेचनात. देशिंगकर खात होते आणि पडद्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःच्या हातानं कामांच्या संचात एक नवा शब्द घातला. ‘वाढणे.’

मला वाटलं, जिंकले.

*

हौसाक्कांचा हात वाढता वाढता वाढला. मराठीत हे एकाच शब्दात होतं याचं मला त्या दिवसांत फार अप्रूप वाटायचं. पळीवरून डावावर, डावावरून पिठाच्या परातीवर. वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांनी काही ना काही वाढलं. त्या रिक्षावाल्यालाही दुसऱ्या खोलीत खाट मिळाली होती. तो म्हणायचा, "आक्का, तुमच्यामुळं माझं वजन वाढलं, आता रिक्षा मला ओढणार कशी?" पुढे हातमोज्याशिवाय त्यांनी त्याला भाकरी थापून दिली. एका बाजूला जाड, पण भाकरीच.

आधार विभागातल्या सगळ्यांच्या राखाडी खुणा मी देशिंगकरांच्या मागे लागून तपासून घेतल्या. गाय व्यायली असं नातवानं सांगताच एक आजोबा उसळले होते. एका बाईंची लाट फक्त अंगाईला उठत होती. त्यांना परत आणलं. रात्रीची झोप मला त्या दिवसांत गाढ लागायची.

मग हौसाक्कांचा मुलगा आला, त्यांना न्यायला. बाळासाहेब. आल्याबरोबर आईच्या पाया पडला, खरंच डोळे पुसत होता. मग मला हात जोडून म्हणाला, "लई उपकार झाले, मॅडम. आई पुन्हा कामाला आली. घरात नुसतं वाकडं झालतं हो, कुणाचा कुणाला मेळ न्हवता. आता कसं, आईच्या हातची भाकरी."

कामाला आली.

रेश्मा मागे उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, एक सांगू? आत्या अजून सोता जेवत न्हाईत. समद्यांना वाढत्यात, आनि सोताच्या ताटाला हात लावत न्हाईत. मीच भरवते. घरी समद्यांचं उरकून मी कधी भरवनार? त्या तशाच ऱ्हातील."

मी देशिंगकरांकडे धावले. "सर, घरी पाठवू नका. त्या स्वतः जेवत नाहीत. तेच तर शिकवायचं होतं ना?"

"कल्याणी, त्यांचा इच्छांक आता विभागात सगळ्यात वरचा आहे." ते दमलेले दिसत होते. "कार्यक्षम म्हणून नोंद झाली. नियमानं त्यांना मी एक दिवसही ठेवू शकत नाही. तो आकडा तूच मिळवून दिलास."

हो. मीच. ज्या जुवाखाली ती बाई जन्मभर होती, त्याच जुवाला हात बांधून मी तो हात जिवंत केला होता. दुसरा रस्ताच नव्हता, हे मी स्वतःला सांगते. आणि मग मला ज्यांनी दुसरा रस्ता कधी पडूच दिला नाही त्या सगळ्यांचा राग येतो. त्यात आक्कांचा नवरा आला, तीन दीर आले, सासू आली, ‘अन्नपूर्णा आहे हो’ म्हणून ढेकर देणारा प्रत्येक पाहुणा आला. असले पाहुणे माझ्या घरीही येतात.

गाडी यायला अवकाश होता. मी आक्कांना शेवटचं सराव-स्वयंपाकघरात नेलं. ताट मांडलं. भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. पट्टी लावली.

"आज तुमचं ताट, आक्का. तुमच्या हातानं, तुमच्या तोंडात. एकच घास."

"जीवतो की मागनं."

"मागनं नाही. तुम्हाला काय आवडतं खायला? ते सांगा, मी ते आणते."

त्यांनी खूप विचार केला. अगदी मनापासून. "थोरल्या दिरास्नी भरीत लई आवडायचं," त्या म्हणाल्या. "बाळूला शेंगुळं. रेश्मीला गोड लागतं, पर बोलत न्हाई."

"आणि तुम्हाला?"

"मला? समदंच की."

रेघ सपाट.

"आक्का, हौसा नाव कुणी ठेवलं तुमचं?"

"आज्यानं. लई हौसेनं झालती म्हनं मी. नवसाची."

"मग तुमची हौस कसली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या मुलखाची भाषा बोलतेय. मग हसल्या. "तुजं आपलं कायतरीच." हात ताटाकडे गेला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत त्यावर दाबून घेतलं, सगळी बोटं नीट, एकही थरथर नाही. पडदा टणकन वाजला.

घास माझ्या तोंडासमोर आला.

"आ कर," आक्का म्हणाल्या. "सकाळधरनं उपाशी हाईस. मला कळतंय."

मी आ केला. काय करणार होते?

*

त्या गेल्या. मी खोली आवरायला घेतली. रविवार होता, जुई कोपऱ्यात खेळत होती. पट्टी पुसून ठेवायची असते, पण पुसता पुसता मी ती स्वतःच्या डोक्यावर चढवली. का, माहीत नाही. नवीन पट्टी आली की आम्ही एकमेकींवर तपासतो, पण तेव्हा घाईत ‘हात उचल, खाली ठेव’ एवढंच करतो. पडद्यावर माझी रेघ सुरू झाली.

ओट्यावर माझा चहा होता. सकाळी केलेला. त्यावर साय धरली होती.

घे, मी स्वतःला म्हणाले. तुझा चहा आहे. दमली आहेस. घे.

रेघ जराशी हलली, न हलल्यासारखीच. हात उचलला गेला खरा, धडधाकट हाताला तेवढंही पुरतं. पण मी आकडा पाहिला. मी केंद्रात पेशंट असते तर माझी रवानगी कुठे झाली असती, हे मला ठाऊक होतं.

"आई, पाणी," जुई कोपऱ्यातून म्हणाली.

टण्ण.

मी पडद्याकडे पाहत राहिले. त्यावर उभा होता डोंगर. जुई उठून जवळ आली.

"हा डोंगर कुणी काढला?"

"मी."

"हातानं?"

"नाही. मला काहीतरी करावंसं वाटलं की तो आपोआप येतो." डोंगर सरकत पडद्याबाहेर गेला, मागे सपाट रेघ उरली.

"मग आत्ता का नाही येत?"

मी तिला पाणी दिलं. ती ते गटागटा प्यायली, तिनं फ्रॉकला तोंड पुसलं आणि माझा हात धरून मला तिच्या भातुकलीपाशी नेलं. खाली बसवलं. ती चिमुकली ताटली माझ्यापुढे ठेवली, जिच्यात हौसाक्कांनी पहिल्यांदा आमटी वाढली होती. पाट म्हणून माझाच रुमाल घडी करून दिला. मग कमरेला माझी ओढणी गुंडाळून, टोक खोचून, हातात इवलीशी पळी घेऊन उभी राहिली.

"आता तू जेव. मी वाढणार. काय वाढू?"

"काहीही वाढ, सोन्या."

"काहीही नसतं." तिनं रिकामी पातेली एकेक करून मला उघडून दाखवली. शेवटचं झाकण तिच्या हातून निसटलं, फरशीवर पडलं, गरगर फिरत राहिलं. तिनं ते थांबू दिलं. पट्टी अजून माझ्या डोक्यावरच होती, आणि जुई माझ्याकडे नव्हे, माझ्यामागच्या पडद्याकडे बघत होती.

"आई, तुला काय हवंय?"